तिकिटावर एकच नाव

आधीच सांगून टाकते, माझा राग त्या तिकिटांच्या सॉफ्टवेअरवर नाही. लोकांना वाटतं, मेहकरसारख्या ठिकाणी बसून काम करणारी बाई, हिला शिस्तीत नोंदी ठेवायचा कंटाळा असणार, म्हणून चिडली असेल. कंटाळा कसला डोंबलाचा? आमच्या ऑफिसात तिकीट लिहायला सगळ्यात आधी मी शिकले आणि बाकीच्यांच्या मानगुटीवर बसून त्यांना मीच शिकवलं. राग आहे तो त्या सॉफ्टवेअरचं एकच पान उघडून, त्यावरच्या रंगीत पट्ट्या बघून माणसांची वासलात लावणाऱ्या डोक्यांवर. तो राग अजून गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

मी मूळची जानेफळची, लग्न होऊन मेहकरात आले. त्याआधी काही वर्षं पुण्यात नोकरी केली होती. लग्नानंतर आता घरीच बसावं लागणार असं धरून चालले होते, तेवढ्यात पुण्याच्याच एका कंपनीने लहान गावांत शाखा काढायची टूम काढली. मेहकरच्या शाखेचं उद्घाटन व्हिडिओ कॉलवर झालं. नारळ आम्ही फोडला, टाळ्या त्यांनी वाजवल्या. ऑफिस म्हणजे बसस्टँडजवळच्या एका कृषी केंद्राच्या वरचा मजला. पेरणीच्या दिवसांत बियाण्याच्या पिशव्या जिन्याच्या पायऱ्यांवर यायच्या आणि आम्ही त्या ओलांडत वर जायचो. फवारणी सुरू झाली की औषधांचा वास वरपर्यंत यायचा आणि डोकं धरायचं. खाली ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला की मीटिंगमध्ये पुण्याहून कुणीतरी म्हणायचं, "कुणीतरी म्यूट करा ना प्लीज." ट्रॅक्टरला म्यूट कसं करायचं ते मात्र कुणी कधी सांगितलं नाही.

आम्ही गोदामांचं सॉफ्टवेअर बनवायचो. सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात येतो, त्याचे कट्टे म्हणजे पोती मोजली जातात, वजन होतं, ओलावा बघतात, पावती निघते, ते सगळं. आम्ही चौघं होतो. मी पडद्यावर दिसणारा भाग करायची. एकजण हिवरा आश्रम गावचा, तो माहिती साठवण्याची बाजू बघायचा, त्याला आम्ही हिवऱ्याचाच म्हणायचो. एक लोणारची, तिचं काम चुका शोधणं, आणि ती इतकी चिकट की चूक नसली तरी सापडेल अशी भीती वाटायची. आणि चौथे भाऊ. वयाने आमच्यात मोठे, म्हणून भाऊ. ते सगळंच करायचे.

भाऊंबद्दल एवढं सांगितलंच पाहिजे. त्यांची बायको हिवरा आश्रमच्या बाजूच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. तिला पुण्यात बदली मिळणं अशक्य आणि भाऊंना इकडे काम मिळणं तितकंच अशक्य. त्यामुळे कितीतरी वर्षं भाऊ पुण्यात चार जणांच्या खोलीत राहिले आणि शनिवारी रात्रीची गाडी धरून घरी येत राहिले. त्यांची मुलगी बोलायला लागली तेव्हा दार उघडून तिचा पहिला प्रश्न असायचा, "बाबा, तुमी कवा जासान?" ती त्यांना पाहुणाच समजायची. हे भाऊ हसत सांगायचे, पण सांगून झालं की चहा घ्यायला उठून जायचे. मेहकरची शाखा निघाल्यावर ते करारावर लागले. पुण्याच्या मॅनेजरने त्यांना तोंडी सांगितलं होतं, वर्ष भरलं की कायम करू, तुझं पक्कं समज. भाऊंनी ते पक्कं समजलं. वर्षभर मुलीला शाळेत सोडायला-आणायला तेच जायचे आणि ती आता तो प्रश्न विचारत नव्हती.

आता तिकिटाविषयी. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. तिकीट म्हणजे एका कामाची संगणकावरची चिठ्ठी. काय बिघडलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, पुन्हा कसं घडवून बघायचं, हे सगळं त्यात लिहायचं. मग ते बोर्डावर लागतं आणि काम पुढे सरकेल तसं ते 'करायचं'मधून 'चालू'मध्ये आणि 'चालू'मधून 'झालं'मध्ये सरकतं. हे येण्याआधी आमच्याकडे नुसता गोंधळ होता. गोदामवाला सकाळी एकाला फोन करायचा, दुपारी दुसऱ्याला, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पावतीचा तिरका फोटो टाकायचा, आणि दोघं जण एकच गोष्ट दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी दुरुस्त करून बसायचे. तिकिटं आल्यावर ते थांबलं. मला तर फार आवडलं. सकाळी बोर्ड उघडला की आज काय करायचं ते स्वच्छ दिसायचं, आणि एखादं तिकीट 'झालं'मध्ये ढकलताना भांडी घासून पालथी घातल्यासारखं वाटायचं.

पण त्या तिकिटावर एक रकाना होता. हे काम कुणाकडे आहे, त्याचं नाव. आणि त्यात नाव एकच बसायचं.

आमचं काम एकाचं नसायचंच. उदाहरण सांगते. अर्धा भरलेला कट्टा आमचं सॉफ्टवेअर घ्यायचंच नाही, एक तर पूर्ण कट्टा लिहा नाही तर काहीच लिहू नका. आता गोदामात शेवटचा कट्टा कायम अर्धामुर्धाच असतो, हे पुण्यात बसून ज्याने ते बनवलं त्याच्या डोक्यात आलं नसेल. गोदामवाल्याने भाऊंना फोन केला. भाऊंनी त्याच्याकडून बरोबर काय होतंय ते काढून घेतलं. लोणारचीने ते आमच्याकडे तसंच्या तसं घडवून दाखवलं. हिवऱ्याच्याने साठवणीत बदल केला, मी पडद्यावर जागा केली, आणि भाऊंनी जुन्या पावत्या बिघडत नाहीत ना ते बघितलं. दुपारपर्यंत मिटलं. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, "हे कुणी केलं?"

"आमी केलं," हिवऱ्याचा म्हणाला.

"आमी म्हणजे कोण?"

"आमी म्हंजे आमीच ना सर."

पुण्याच्या बाजूने हशा पिकला. मॅनेजर म्हणाले, "तुमची भाषा फार गोड आहे, पण मला एक नाव द्या." आम्ही हिवऱ्याच्याचं नाव दिलं, कारण त्याला त्या आठवड्यात एकही तिकीट मिळालेलं नव्हतं. गोड भाषा! मला तेव्हाच संताप आला होता. आम्ही कामाविषयी बोलतो आहोत आणि हे चव घेत आहेत.

आमच्याकडे लहान शेतकऱ्यांत सावड चालते. आज माझ्या वावरात तुझी बैलजोडी, उद्या तुझ्या वावरात माझी. ज्याचं वावर, पेरणी त्याची. मदतीला आलेल्याचं नाव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कुणी लिहून ठेवत नाही, पण फेडायचं कुणी विसरत नाही. आम्ही चौघंही अशाच घरांतले, त्यामुळे ऑफिसात तसंच वागायला लागलो. ठरवून नाही. तिकीट ज्याच्या नावावर ते त्याचं वावर, आणि आपण सगळे त्यात उतरायचं. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं पोर आजारी पडलं, तर त्याच्या वावरात आधी उतरायचं. काम कधी अडलं नाही. एकाही गोदामवाल्याने कधी आरडाओरडा केला नाही. यात काय चुकीचं होतं ते मला आजही कुणी समजावून सांगावं.

मग माझे वडील जानेफळला शेताच्या धुऱ्यावरून पाय घसरून पडले. खुबा मोडला. त्यांना अकोल्याला हलवलं, ऑपरेशन झालं, आणि मी रजा टाकून दवाखान्यात त्यांच्या उशाशी राहिले. तिथे वेळच वेळ असतो आणि कशातच लक्ष लागत नाही. ऑफिसचं मी काही बघितलं नाही. फोन लोणारचीचा यायचा, तीही फक्त वडिलांचं विचारायची.

नेमकं त्याच दिवसांत पुण्याहून फर्मान निघालं. इथून पुढे प्रत्येकाचं काम डॅशबोर्डवरून ठरेल. डॅशबोर्ड म्हणजे ते एक पान, ज्यावर प्रत्येकाच्या नावापुढे एक पट्टी असते, जितकी तिकिटं 'झालं'मध्ये गेली तितकी लांब. ज्याची पट्टी आखूड, त्याला समज मिळणार. माझी पट्टी त्या वेळी नव्हतीच म्हणा ना. मी दवाखान्यात सलाइनकडे बघत बसले होते.

परत आले तेव्हा डॅशबोर्ड उघडला आणि मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच्या खात्यात शिरले. माझ्या नावापुढे सगळ्यात लांब पट्टी. पावत्यांची छपाई, ओलाव्याची कपात, कट्ट्यांची बेरीज, सगळं माझ्या नावावर झालेलं. मी खुर्ची फिरवली.

"हे कोणी केलं?"

लोणारची हसू दाबत खाली बघायला लागली. हिवऱ्याचा म्हणाला, "आमी." पण एकेक तिकीट उघडून बघितलं तर बहुतेक काम भाऊंचं होतं. तिकिटाच्या पोटात त्याचा सगळा इतिहास असतो, कुणी कधी हात लावला, कुणी काय लिहिलं, नाव कुणी बदललं. भाऊंनी काम करायचं, खाली सविस्तर लिहायचं, आणि शेवटी स्वतःचं नाव काढून माझं टाकायचं.

"भाऊ, तुमी माह्या नावावर काऊन टाकून राह्यले?"

"काऊन म्हंजे? तू दवाखान्यात होती. तुह्या वावरात कोणीतरी उतराले पाह्यजे का नाई?"

"आन तुमचं काय? तुमची पट्टी पाहा ना, बोटभर राह्यली."

"माहं पक्कं हाय वं ताई. सरनं शब्द देल्ला हाय. तू फेडजो मंग पुढच्या महिन्यात, दोन घास जास्त खाऊ घालजो."

मला फार भरून आलं. मी त्यांना म्हटलं की शब्दबिब्द सोडा, आपण आताच्या आता नावं पुन्हा बदलून घेऊ. ते नको म्हणाले. एकदा दुसऱ्याच्या वावरात केलेलं काम परत उचलून आणतात का, म्हणाले. मग मी त्याच दिवसापासून फेडायला बसले. येईल ते तिकीट करायची आणि भाऊंचं नाव टाकायची. लोणारची आणि हिवऱ्याचाही लागले. महिनाभर मिळाला असता तर भाऊंची पट्टी पार पुण्यापर्यंत गेली असती.

तो महिना मिळाला नाही. भाऊंच्या कराराचा आढावा त्याआधीच झाला. एका दुपारी भाऊंना मेल आला की करार पुढे वाढवला जाणार नाही, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. कारण एका ओळीत दिलं होतं, कामाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी. भाऊंनी ते दोनदा वाचलं, लॅपटॉप अर्धा मिटला आणि खाली जाऊन कृषी केंद्राच्या बाकड्यावर बसले. तिथून त्यांनी मुलीची शाळा सुटायच्या वेळेला गाडी काढली, रोजच्यासारखी.

मी मॅनेजरला कॉल लावला. ही माणसं उद्धट नसतात, हाच खरा ताप आहे. उद्धट असती तर भांडता आलं असतं. ते हसतमुखाने म्हणाले, "बोला मॅडम, बाबा कसे आहेत आता?"

"बरे आहेत. भाऊंचा करार चुकून संपवला तुम्ही. त्यांचं काम माझ्या नावावर आहे. कुठलंही तिकीट उघडा, खाली हिस्टरी आहे, वाचा."

"मॅडम, मी एकेक तिकीट उघडून वाचत बसलो तर डॅशबोर्ड कशाला ठेवलाय?"

"तेच मीही विचारते आहे."

ते हसले. म्हणाले, "त्यांनी स्वतःच्या नावावर का नाही ठेवलं? याला ओनरशिप म्हणतात. आपल्या कामाची मालकी आपण घ्यायला नको का?"

"मी रजेवर होते म्हणून त्यांनी माझं नाव टाकलं."

"पण मग रजा आम्ही समजून घेतली असतीच ना."

"कशावरून समजून घेतली असती? त्या पट्टीत रजेचा रंग कोणता आहे, सांगा ना मला."

यावर ते आवाज खाली आणून म्हणाले की खरं तर दुसऱ्याच्या नावावर काम दाखवणं नियमात बसत नाही, मी हे वर नेलं तर तुमच्यावरही येईल, म्हणून तुमच्या भल्यासाठी सांगतो, इथेच सोडून द्या. माझ्या भल्यासाठी! मी म्हटलं, न्या वर, मी तेच सांगायला फोन केला आहे. तर म्हणे वर निर्णय झालेला आहे. म्हणजे वर न्यायचंही तेच, वरून आणायचंही तेच, आणि मधे माणूस चिरडला गेला तरी नियम मात्र शाबूत.

मग माझा तोल गेला आणि पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली. "तुमाले काम पाह्यजे का नाव पाह्यजे, ते एकदाचं सांगा! वर्षभर तो मानूस सगळ्यांच्या वावरात राबला, आन तुमी त्याले त्याच्याच घरातून हाकलून राह्यले. काई वाटते का तुमाले?"

पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, तुमचा आवाज तुटतोय."

आवाज कुठला तुटतोय? खाली दुकानदार खताच्या पिशव्या मोजायचा थांबून वर बघत होता, त्यालासुद्धा शब्दन् शब्द ऐकू गेला होता.

भाऊंचा शेवटचा दिवस मला आठवतो तो त्यांच्या रागासाठी नाही, तर त्यांना राग आला नाही म्हणून. त्यांच्याकडची उरलेली तिकिटं त्यांनी एकेक करून उघडली आणि प्रत्येकाखाली लिहून ठेवलं, कोणतं काम कुठपर्यंत आलं आहे, कोणत्या गोदामात काय सवय आहे, कुणाला सकाळी फोन करावा आणि कुणाला जेवणानंतर. पुढे जो येईल त्याला सोपं पडावं म्हणून. मला त्यांचाही संताप आला. मी म्हटलं, "हे कायले करून राह्यले? मरू द्या त्यांचं."

"गोदामवाल्यानं काय केलं आपलं, ताई? त्याची पावती काऊन अडवाची?"

"तुमाले काईच वाटत नाई का?"

"वाटते ना," भाऊ म्हणाले. "पण पोरीले काय सांगाव, तेच सुचून नाई राह्यलं."

संध्याकाळी त्यांचं खातं बंद झालं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर जिथे जिथे भाऊंचं नाव होतं तिथे 'माजी वापरकर्ता' असं दिसायला लागलं. अर्ध्या कट्ट्याच्या तिकिटाखाली माजी वापरकर्त्याने लिहिलं होतं की गोदामवाल्याशी बोललो, शेवटचा कट्टा नेहमी अर्धा असतो. आणि बाकीच्या कितीतरी तिकिटांवर, ज्यांवर त्यांनी दिवस दिवस घालवले होते, वर माझं नाव झळकत होतं. एवढी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती. स्वतःचंच नाव पुसून टाकावंसं वाटलं, पण बंद झालेल्या तिकिटावरचं नाव बदलायची सोय आता त्यांनी काढून घेतली होती. तेवढी सुधारणा मात्र झटपट झाली.

भाऊंना पुण्यातच दुसरीकडे काम मिळालं. लायक माणसाला काम मिळतंच हो, प्रश्न तो नव्हताच. पुन्हा तीच परक्या लोकांबरोबरची खोली, पुन्हा शनिवारची गाडी.

आणि त्यानंतर कंपनीकडून कुरियरने एक खोकं आलं. आत बक्षिसाची ढाल, काचेसारख्या प्लास्टिकची, उभी, त्यावर माझं नाव, आणि नावाखाली कोरलेलं, 'ओनरशिप'. सोबत मेल, की पुण्याला येऊन सगळ्या शाखांसमोर चार शब्द बोला, तुम्ही कामाची मालकी कशी घेता ते सांगा. मी गेले नाही. तब्येतीचं कारणही दिलं नाही, येणार नाही एवढंच कळवलं. आमच्या ऑफिसचं दार वाऱ्याने आपटायचं, त्याखाली ती ढाल सरकवली. बरोबर बसते. ओनरशिपने इतकं पक्कं धरलेलं दुसरं काही मी पाहिलं नाही.

पण दाराखाली ढाल सरकवून माणूस परत येत नाही. मला काहीतरी करायचं होतं, आणि मला येतं ते एकच. मी नवीन तिकीट काढलं. प्रकार, बिघाड. शीर्षक, 'चुकीच्या पट्टीवरून माणूस काढला गेला.' महत्त्व, सगळ्यात वरचं. काय व्हायला हवं होतं, त्या रकान्यात लिहिलं की ज्याने काम केलं त्याचा करार कायम व्हायला हवा होता. प्रत्यक्षात काय झालं, त्यात लिहिलं की त्यालाच काढलं आणि ती ढाल दुसरीलाच दिली. पुन्हा कसं घडवून बघायचं, तिथे मी अगदी नीट पायऱ्या लिहिल्या: एका माणसाला तोंडी शब्द द्या, त्याच्या शेजारणीचे वडील आजारी पडू द्या, तिकिटाची हिस्टरी उघडू नका, फक्त पट्टी बघा. खाली भाऊंच्या सगळ्या तिकिटांचे दुवे जोडले. आणि नावाच्या त्या एकुलत्या एक रकान्यात मॅनेजरचं नाव टाकलं. घ्या म्हटलं मालकी.

तासाभरात तिकीट बंद झालं. बंद करण्याचं कारण एका यादीतून निवडावं लागतं. त्यांनी निवडलं होतं, 'बिघाड नाही, अपेक्षेप्रमाणे चालू आहे.'

मी ते पुन्हा उघडलं. त्यांनी पुन्हा बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा उघडलं, दुपारी ते पुन्हा बंद. असं चालत राहिलं. घरी नवरा म्हणाला, अशाने तुझीही नोकरी जाईल. जाऊ शकते. पण त्यांनी मला काढलंही नाही, कारण डॅशबोर्डवर सगळ्यात लांब पट्टी अजून माझीच होती. आता यावर हसावं की रडावं?

एका सकाळी वडिलांना तपासायला न्यायचं होतं, म्हणून मी उशिरा पोहोचले. बसल्या बसल्या ते तिकीट उघडायला गेले, तर ते आधीच उघडं होतं. हिस्टरी बघितली. लोणारचीने उघडलं होतं. दुपारी बंद झालं. पुढच्या दिवशी मी पर्सही खाली ठेवली नव्हती, तर हिवऱ्याच्याने उघडलेलं. मी त्याच्याकडे बघितलं, तो कानाला हेडफोन लावून भलतीकडेच बघत होता. आमचं काहीही बोलणं झालं नव्हतं. पाळ्या आपोआप लागल्या. ज्याचं वावर पडीक पडलं आहे, त्यात आम्ही उतरलो होतो.

हे भाऊंना सांगायचं म्हणून मी एका रविवारी त्यांना फोन केला. ते घरी आले होते. ऐकून हसायला लागले. "कायले भांडून राह्यल्या वं तुमी? जाऊ द्या ना आता," म्हणाले. मी म्हटलं, जाऊ देणार नाही. तेवढ्यात त्यांच्या मागून मुलीचा आवाज आला. ती आता मोठी झाली आहे, स्पष्ट बोलते. "बाबा, तुमी कवा जासान?"

भाऊंनी फोनवर हात धरला असणार, कारण पुढचं मला ऐकू आलं नाही.

सोमवारी तिकीट उघडायची पाळी माझी होती. उघडलं आणि 'प्रत्यक्षात काय झालं' या रकान्यात जे आधी लिहिलं होतं ते सगळं खोडलं. त्या जागी एकच ओळ लिहिली. मुलगी बापाला दारातच विचारते, बाबा, तुम्ही कधी जाणार.

दुपार झाली, संध्याकाळ झाली, ते बंद झालं नाही. पुढच्या दिवशीही नाही. उत्तरही आलेलं नाही. आजही सकाळी बोर्ड उघडला की सगळ्यात वर ते उघडंच दिसतं, आणि त्याच्या नावाच्या रकान्यात मॅनेजरचं एकट्याचं नाव आहे.